दोन-तीन मॉनिटर भिंतीवर लावायचेत? माउंट नंतर बघा, आधी भिंत ठोकून बघा

मॉनिटरसाठी वॉल माउंट शोधायला बसलं की आपण सगळे एकच चूक करतो, खोक्यावर "१० किलोपर्यंत" लिहिलंय का ते बघतो, आपला मॉनिटर ५ किलोचा आहे म्हणजे डबल सेफ्टी झाली असं समजतो आणि घेऊन टाकतो. आता त्या १० किलोच्या आकड्यात काय धरलंय बघा. माउंटचं लोखंड, त्याचे सांधे, त्याची स्प्रिंग. तुमची भिंत त्यात नाहीये, कारण माउंट बनवणाऱ्याला तुमची भिंत कशी आहे हे माहीत असायचं काही कारणच नाही. माझा पहिला आर्म, म्हणजे बाहेर ओढता-वळवता येणारा माउंट, असाच लावला होता, सोबत आलेले स्क्रू, सोबत आलेले प्लग (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात बसवतात ते), सगळं फिट्ट बसलं, आणि दोन आठवड्यांनी एका सकाळी बघतो तर आर्म मान टाकून बसलेला आणि वरचा स्क्रू प्लगसकट बाहेर डोकावतोय. मॉनिटर वाचला ते नशीब. तेव्हापासून मी उलट क्रमाने जातो: आधी भिंत, मग मॉनिटर कुठे कसे बसणार, आणि माउंट सगळ्यात शेवटी.

मुळात होतं काय ते समजून घेऊ, कारण हे एकदा कळलं की अर्धे निर्णय आपोआप होतात. पाण्याने भरलेली बादली शरीराला चिकटवून धरा, काही वाटत नाही. तीच बादली हात लांब करून धरा, दहा सेकंदात खांदा बोंबलायला लागतो. बादली तीच, वजन तेच, फक्त अंतर वाढलं. भिंतीवरचा आर्म म्हणजे तो लांब केलेला हात आणि खांदा म्हणजे भिंतीतले दोन-चार स्क्रू.

आता आकडे टाकून बघा. मॉनिटर ५ किलोचा, आर्म २ किलोचा, आणि तुम्ही तो पूर्ण ५० सेंमी बाहेर ओढलाय. आर्मचं स्वतःचं वजन साधारण मधोमध धरलं तर ५ गुणिले ५० अधिक २ गुणिले २५, म्हणजे ३००. भिंतीवरच्या प्लेटचा वरचा स्क्रू खालच्या कडेपासून १५ सेंमीवर असेल तर ३०० भागिले १५, म्हणजे वरच्या स्क्रूला साधारण २० किलोने कोणीतरी भिंतीतून बाहेर उपटतंय, दिवसरात्र. तोच आर्म घडी करून भिंतीपासून १० सेंमीवर ठेवला तर हा आकडा ४ किलोवर येतो. पाचपट फरक, मॉनिटर न बदलता! आणि एकाच प्लेटवर दोन आर्म असलेला माउंट घेतलात तर दोन्ही बाहेर ओढल्यावर २० चे ४० झाले. वर कोणीतरी स्क्रीन वळवताना नकळत त्यावर हात टेकतं ते वेगळंच. खाली लोंबणारं वजन बऱ्याच भिंती आरामात झेलतात, बाहेर उपटणारा जोर मात्र भल्याभल्या भिंतींना झेपत नाही. म्हणून प्लेट उंच असलेला माउंट, म्हणजे वरचा आणि खालचा स्क्रू एकमेकांपासून लांब असलेला, छोट्या चौकोनी प्लेटपेक्षा केव्हाही चांगला. याकडे कोणीच बघत नाही, सगळे आर्म किती लांब जातो तेवढंच विचारतात.

आता भिंत. ठोकून आवाज ऐका, आणि खात्री करायची तर जिथे प्लेटखाली झाकलं जाईल तिथे बारीक भोक पाडून भुकटीचा रंग बघा. करडी भुकटी आणि ड्रिल कुरकुरतंय म्हणजे काँक्रीट. आधी प्लास्टर आणि मग लाल भुकटी म्हणजे वीट. पांढरी आली आणि एक-दीड सेंमीनंतर ड्रिल अचानक आत घुसलं तर जिप्सम बोर्ड, मागे पोकळ. पांढरी-राखाडी भुकटी सतत येतेय आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं चाललंय तर तो हलका एएसी ब्लॉक, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा असणार.

काँक्रीट आणि भरीव वीट असेल तर तुम्ही सुखी. फक्त एक लक्षात ठेवा, प्लास्टरला भिंत समजू नका. प्लास्टर दीड-दोन सेंमी असतं आणि ४ सेंमीचा प्लग लावलात तर निम्मा प्लग प्लास्टरातच राहतो, जे काहीच धरत नाही (माझं हेच झालं होतं). म्हणून लांब प्लग आणि लांब स्क्रू घ्या, असा की विटेत निदान ४-५ सेंमी गेला पाहिजे. दोन विटांच्या मधल्या दरजेत भोक आलं तर ते सोडून द्या, बाजूला घ्या. भोक पाडल्यावर आतली भुकटी फुंकून किंवा व्हॅक्यूमने काढा, लोक हे करत नाहीत आणि मग प्लग अर्धवट आत जाऊन फिरत बसतो. नायलॉनचा फुगणारा प्लग १९५८ मध्ये आर्थर फिशर नावाच्या जर्मन माणसाने काढला, म्हणून अजूनही कितीतरी जण कुठल्याही कंपनीच्या प्लगला फिशरच म्हणतात. त्याची सगळी करामत एवढीच की स्क्रू आत जाताना तो फुगतो आणि भोकाच्या भिंतींना दाबून धरतो. दाबायला घट्ट काही नसेल, तर फुगून उपयोग शून्य.

पोकळ वीट आणि एएसी ब्लॉकमध्ये नेमकं तेच होतं. पोकळ विटेत प्लग पोकळीत जाऊन फुगतो, आणि एएसीमध्ये साधा प्लग फुगताना ब्लॉकच चुरगळतो. अशा भिंतीसाठी वेगळे प्लग मिळतात, किंवा केमिकल अँकर वापरतात म्हणजे भोकात रेझिन भरून त्यात बोल्ट बसवायचा, पोकळ विटेत त्याआधी जाळीची नळी घालायची. एएसीला ड्रिलचा हॅमर मोड, म्हणजे ठोकत फिरणं, बंद ठेवा, नाहीतर ८ मिमीचं भोक १२ मिमीचं होतं.

जिप्सम बोर्डच्या भिंतीला आर्म लावायचा असेल तर नुसत्या बोर्डात लावू नका, कितीही भारी अँकर असला तरी. बोर्ड साडेबारा मिमीचा, दोन्ही बाजूंना पुठ्ठा आणि आत पावडर, आणि आर्म रोज हलणार, म्हणजे भोक हळूहळू मोठंच होत जाणार. बोर्डाच्या मागे लाकडाचा किंवा पत्र्याचा सांगाडा असतो, त्याच्या उभ्या पट्ट्या बहुतेक ठिकाणी ४० किंवा ६० सेंमी अंतरावर असतात, चुंबक भिंतीवरून फिरवला की बोर्डाच्या स्क्रूंवर चिकटतो आणि पट्टी सापडते. अडचण ही की तीन मॉनिटरना जिथे माउंट हवाय तिथे पट्टी कधीच नसते, एक जमला तर दुसरा हुकतो. यावर माझ्या मते सगळ्यात सरळ उपाय म्हणजे १८ मिमीची जाड प्लायची आडवी फळी, तीन-चार पट्ट्यांना लांब स्क्रूने पक्की करायची आणि माउंट त्या फळीवर लावायचे, शक्यतो फळी भिंतीवर चढवण्याआधीच मागून नट-बोल्ट घालून, नटासाठी मागच्या बाजूला खड्डा करून. पट्ट्या लाकडी असतील तर काम पक्कं, पातळ पत्र्याच्या असतील तर आर्म शक्यतो घडी करूनच ठेवा, किंवा बोर्ड उघडून आतून आधार द्या. दिसायला फळी कशी दिसेल म्हणाल तर भिंतीचा रंग मारा, तीन मॉनिटरच्या मागे ती दिसतच नाही. खरं सांगायचं तर मी आता विटेच्या भिंतीलाही फळीच लावतो, कारण मग भिंतीत चार-सहा भोकं सावकाश, चांगल्या जागा बघून पाडता येतात आणि माउंट पुढेमागे सरकवायचा असेल तर भोक लाकडात पडतं, भिंतीत नाही.

आणि हो, स्विचबोर्डच्या बरोबर वर, खाली किंवा सरळ आडव्या रेषेत ड्रिल करू नका, वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते. भिंतीतली वायर शोधणारा डिटेक्टर मिळाला तर फिरवून घ्या.

भिंतीचं झालं, आता मॉनिटरची पाठ. मागे चार भोकांचा चौकोन असतो त्याला व्हेसा म्हणतात, व्हेसा ही १९८९ मध्ये सुरू झालेली संस्था आहे, व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स स्टँडर्ड्स असोसिएशन, त्यांच्या नावावरून. भोकांमधलं अंतर ७५ मिमी किंवा १०० मिमी असतं, स्क्रू एम४ म्हणजे ४ मिमी जाडीचे. त्यांच्या स्टँडर्डमध्ये ७५ वाल्याला ८ किलो आणि १०० वाल्याला १४ किलोपर्यंत धरलंय. नेहमीचे २४ इंची मॉनिटर स्टँड काढून ३-४ किलो भरतात, २७ इंची ४ ते ६, त्यामुळे इथे सहसा प्रश्न येत नाही. ४९ इंची वक्र मॉनिटर असेल तर तो ११ ते १५ किलोच्या घरात जातो, त्याचा विषयच वेगळा, त्याला हेवी ड्यूटीच लागतो. वजन बघताना स्टँडशिवायचं बघा, स्पेसिफिकेशनमध्ये दोन्ही दिलेले असतात.

व्हेसाची भोकं आहेत की नाहीत हे आधी बघा बरं का, काही मॉनिटरना नसतातच, काहींना स्टँडच्या मागे लपलेली असतात. ॲपलच्या स्टुडिओ डिस्प्लेला तर विकत घेतानाच स्टँड की व्हेसा ते ठरवावं लागतं, नंतर बदलता येत नाही. भोकं खड्ड्यात असतील, म्हणजे मॉनिटरची पाठ त्यांच्याभोवती उंच असेल, तर मधे स्पेसर, म्हणजे अंतर ठेवणाऱ्या छोट्या नळ्या लागतात आणि तेवढेच लांब स्क्रू. लांब स्क्रू जपून. आधी हाताने फिरवून बघा किती आत जातो, कारण जास्त लांब स्क्रू जोर लावून घातला तर आतलं काहीतरी फोडतो, आणि वॉरंटीवाले त्याला कंपनीचा दोष म्हणणार नाहीत.

आता सगळ्यात मजेचा भाग, मांडणी. कागदावर, नाहीतर थेट भिंतीवर मास्किंग टेपने चौकोन चिकटवून करा. २४ इंची मॉनिटर कडांसकट साधारण ५४ सेंमी रुंद, २७ इंची ६१ सेंमी. म्हणजे तीन २४ इंची एका ओळीत १६० सेंमीच्या पुढे जातात, तीन २७ इंची १८३ सेंमी. टेबल केवढं आहे ते आठवा.

तीन २७ इंची मॉनिटर भिंतीला सपाट चिकटवून लावले, तुम्ही मधल्यापासून ६५ सेंमीवर बसलात, तर बाजूच्या मॉनिटरची बाहेरची कड तुमच्या डोळ्यांपासून साधारण ११२ सेंमीवर जाते. म्हणजे तिथलं वाचायचं तर डोळ्यांना जवळजवळ दुप्पट लांब बघावं लागणार, तेही तिरकं, आणि स्क्रीन व्हीए पॅनलचा (तिरकं बघितलं की रंग बदलणाऱ्या प्रकारचा) असेल तर रंगही उतरलेले दिसणार. तेच बाजूचे मॉनिटर ३० अंश आत वळवले की ती कड ९० सेंमीवर येते आणि मान वळवली की स्क्रीन बऱ्यापैकी समोर येतो. पण वळवायचं म्हणजे बाहेरची कड भिंतीपासून ३० सेंमी पुढे येणार, मॉनिटरचा मध्य १५ सेंमी पुढे येणार, आणि हे भिंतीला चिकटलेल्या फिक्स माउंटवर होऊच शकत नाही. तीन मॉनिटरसाठी तीन फिक्स माउंट घेणारे इथे फसतात, फोटोत सपाट भिंत एकदम देखणी दिसते म्हणून.

माझं मत विचाराल तर मधला साध्या टिल्ट (फक्त वर-खाली झुकणाऱ्या) माउंटवर किंवा छोट्या आर्मवर, आणि बाजूचे दोन आर्मवर. दोनच मॉनिटर असतील तर दोन्ही आर्मवर, पण जो जास्त वापरता तो नाकासमोर घ्या आणि दुसरा बाजूला, दोघांच्या मधली काळी फट नाकासमोर नको, दिवसभर मान एका बाजूला वळलेली राहते. आणि फिक्स माउंटचा आणखी एक त्रास म्हणजे टेबल भिंतीला टेकवलं असेल आणि ते ७५-८० सेंमी खोल असेल तर स्क्रीन आपोआप लांब जातो, पुढे ओढता येत नाही, मग माणूस स्वतःच पुढे वाकून बसतो.

आर्म घेताना एक गोष्ट वर्णनात कुठेच लिहिलेली नसते: घडी केल्यावर त्याचं कोपर कुठे जातं. २५-२५ सेंमीचे दोन तुकडे असलेला आर्म घडी केला की सांधा २५ सेंमी बाजूला येतो, आणि शेजारच्या आर्मचंही तेच, मग दोघांची कोपरं एकमेकांत अडकतात आणि मॉनिटर मागे जातच नाही. प्लेट कुठे लावायची ते यावर ठरतं. डाव्या मॉनिटरच्या आर्मचं कोपर डावीकडे आणि उजव्याचं उजवीकडे वळेल अशा बेताने जागा धरा, खोका उघडल्यावर आर्म हातात धरून भिंतीपाशी घडी करून बघा आणि मगच पेन्सिल उचला.

एकाच खांबावर दोन-तीन मॉनिटरवाले तयार सेटही मिळतात. स्वस्तात पडतात, भोकंही कमी, पण सगळा जोर एकाच जागी येतो (वरचा ४० किलोवाला हिशोब आठवा) आणि आडवी दांडी आखूड असेल तर मोठे मॉनिटर वळवल्यावर एकमेकांना धडकतात. छोट्या दोन मॉनिटरला ठीक, त्यापुढे मी जात नाही.

गॅस स्प्रिंगवाले आर्म, म्हणजे बोटाने वर-खाली होणारे, छान असतात पण त्यांना वजनाची खालची मर्यादाही असते हे लोकांना माहीत नसतं. २ ते ९ किलोच्या आर्मवर दीड किलोचा पोर्टेबल मॉनिटर लावला तर तो छताकडे बघत वर उडतो. स्प्रिंगचा ताण एल आकाराच्या चावीने मॉनिटर लावलेला असतानाच ॲडजस्ट करायचा. आणि मॉनिटर काढताना आर्म आधी पूर्ण वर न्या, खाली असताना मॉनिटर सोडवलात तर तो आर्म स्प्रिंगसारखा उसळतो आणि समोर तुमची हनुवटी असते. तीन मॉनिटर एका रेषेत आणायचे असतील तर गॅसवाले थोडे चिकाटीचं काम आहे, एक वर एक खाली होत राहतात. एकदा लावून हलवायचेच नसतील तर खांबावर कॉलर घट्ट करून उंची पक्की होणारे साधे आर्म बरे.

टेबल उभं-बसायचं, म्हणजे वर-खाली होणारं असेल तर मात्र भिंतीचा नाद सोडा. टेबल वर जाईल, तुम्ही उभे राहाल, मॉनिटर तिथेच राहतील. बसल्यावर आणि उभं राहिल्यावर डोळ्यांच्या उंचीत सहज ३५-४० सेंमीचा फरक पडतो, आणि तेवढं तीन-तीन मॉनिटर रोज हाताने वर-खाली कोण करतंय, चार दिवस हौसेने कराल. अशा टेबलाला टेबलालाच क्लॅम्प होणारे आर्म लावा. उलट टेबल हलकं असेल, टाईप करताना मॉनिटर थरथरत असतील, किंवा क्लॅम्प लावायला मागे कडच नसेल, तर भिंतीसारखं सुख नाही.

उंचीच्या बाबतीत टीव्हीची सवय नडते, सगळे मॉनिटर टीव्हीसारखे उंच लावून टाकतात. खुर्चीत नेहमी बसता तसं बसा, ताठ नाही, आणि कोणाला तरी जमिनीपासून डोळ्यांपर्यंत मोजायला सांगा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. समजा डोळे ११८ सेंमीवर आले आणि मॉनिटर २७ इंची, म्हणजे स्क्रीनची उंची ३४ सेंमी, तर स्क्रीनचा मध्य १०१ सेंमीच्या आसपास. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर अजून खाली घ्या, नाहीतर चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करून बसावं लागतं.

पण थांबा, स्क्रीनचा मध्य आणि व्हेसा भोकांचा मध्य एकच असेल असं नाही! बऱ्याच मॉनिटरना भोकं मधापासून वर किंवा खाली असतात, दोन वेगळ्या मॉडेलचे २७ इंची मॉनिटर एकाच उंचीवरच्या फिक्स माउंटला लावले तर एक ३ सेंमी खाली लोंबतो आणि मग ते आयुष्यभर खुपत राहतं. म्हणून प्रत्येक मॉनिटरची खालची कड ते भोकांचा मध्य हे अंतर स्वतंत्र मोजा आणि त्यावरून भिंतीवर खूण करा.

एखादा मॉनिटर उभा करून वापरायचा असेल तर फिरवताना जागा लागते. २७ इंचीचा कोपरा मध्यापासून साधारण ३५ सेंमीवरून गोल फिरतो, खाली टेबल नको आणि बाजूला शेजारी नको, किंवा आधी पुढे ओढून मग फिरवा. एकावर एक दोन लावणार असाल तर खालचा टेबलाला जवळजवळ टेकवा आणि वरचा खाली झुकवा, वरच्यावर फक्त अधूनमधून बघायच्या गोष्टी ठेवा.

वायरींचं थोडक्यात: पोर्ट मागे सरळ बाहेर तोंड करून असतील तर भिंतीला चिकटणाऱ्या माउंटमध्ये केबलच्या टोकाला जागाच उरत नाही, खाली तोंड असलेले चालतात. केबलची लांबी आर्म पूर्ण बाहेर ओढून, वळवून मोजा, आणि सांध्यापाशी ढील सोडा. पॉवर ॲडॅप्टर वेगळा असेल तर तो लोंबकळत ठेवू नका, टेबलाखाली किंवा फळीवर बसवा.

लावताना पाणसळ आधी प्लेटला लावा, मग मॉनिटर लटकवल्यावर परत, कारण वजन आल्यावर आर्म थोडा झुकतोच. मॉनिटर लटकवण्याआधी मी रिकामा आर्म पूर्ण बाहेर ओढून टोकाला हाताने चांगला जोर देऊन बघतो, मॉनिटरच्या दुप्पट तरी, काही हलायचं असेल तर ते तेव्हाच हलू दे. आणि प्लेटच्या वरच्या कडेला लागून भिंतीवर पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवतो. आठवड्याने बघायचं. रेघ आणि प्लेट यांच्यात केसाएवढी फट दिसली किंवा वरची कड भिंतीपासून सुटल्यासारखी वाटली तर स्क्रू परत आवळत बसू नका, मॉनिटर उतरवा आणि भोकं दुसरीकडे पाडा. माझ्या त्या पहिल्या आर्मला अशी फट पाचव्या दिवशीच दिसली होती, मी स्क्रू पाव वेढा आवळून कामाला लागलो होतो.